धावण्याचे बूट घेताना: खास दुकानातला माझा अनुभव

साध्या स्पोर्ट्स शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "साइझ किती?" पुण्यातल्या ज्या दुकानात फक्त धावण्याचं सामान मिळतं तिथे मला आधी विचारलं गेलं, "कुठे धावता?" मग, "आठवड्याला साधारण किती किलोमीटर?" आणि त्यानंतर, "काका, जुने बूट आणलेत का?" साइझचा विषय बराच उशिरा निघाला, तोही पाय मोजून झाल्यावर. मला हा क्रम अगदी बरोबर वाटतो. नवीन माणसालाही त्याचा उपयोग होईल, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

'कुठे धावता' याचं पुण्यातलं उत्तर सहसा एका शब्दात येत नाही. विद्यापीठाच्या आवारात डांबरी रस्ता आणि सावली आहे. शहरात बऱ्याच ठिकाणी सिमेंटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉकचे फुटपाथ आहेत. तळजाई आणि वेताळ टेकडीवर मुरूम, सुटे दगड आणि मधूनच उघडा कातळ लागतो. सिमेंटवर उघड्या फोमचा तळ भराभर घासला जातो, त्यामुळे टाचेखाली आणि चवड्याखाली रबराचा पट्टा असलेला बूट बघावा. मऊ, फुगवलेलं रबर वजनाला हलकं असतं पण लवकर झिजतं. कार्बन मिसळलेलं कडक रबर जास्त टिकतं. टेकडीसाठी ३ ते ५ मिमी खोल दात्यांचा तळ लागतो, कारण मुरमाच्या उतारावर सपाट तळ सरकतो. त्याहून खोल दाते चिखलासाठी असतात आणि घरापासून टेकडीपर्यंतच्या डांबरावर ते झिजून जातात. घरातून धावत निघून टेकडीवर जायचं असेल तर ३-४ मिमीचा मधला प्रकार पुण्याला सर्वांत सोयीचा आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर मात्र दात्यांचा काही उपयोग होत नाही. तिथे चालायचं.

जुने बूट न्यायला सांगतात त्यामागे कारण आहे. टाचेचा बाहेरचा कोपरा झिजलेला असेल तर काळजीचं काही नाही, बहुतेकांचा पाय तिथेच आधी टेकतो. टेबलावर ठेवून मागून पाहिल्यावर बूट आत किंवा बाहेर कलंडलेला दिसला, किंवा एकच बूट दुसऱ्यापेक्षा वेगळा झिजला असेल, तर सल्लागार थांबून आणखी प्रश्न विचारतो. कायम रस्त्याच्या एकाच कडेने धावणाऱ्यांच्या बुटांत असा फरक पडू शकतो, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दोन्ही कडांकडे उतार दिलेला असतो. वरच्या जाळीला अंगठ्यापाशी भोक पडलं असेल तर पुढची जागा उंचीला कमी आहे, आणि करंगळीपाशी फाटली असेल तर बूट अरुंद आहे.

मोजमाप संध्याकाळी घ्यावं. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि धावतानाही सुजतो, त्यामुळे सकाळी बरोब्बर बसलेला बूट दहाव्या किलोमीटरला आवळतो. पाय उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन मोजायचा. बसून घेतलेलं माप लहान येतं. ब्रॅनॉक नावाच्या धातूच्या पट्टीवर तीन मापं मिळतात: टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत, टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंत, आणि चवड्याची रुंदी. पहिल्या दोन मापांतून जो मोठा नंबर निघेल तो धरायचा. कित्येकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा माप त्या बोटाचं घ्यायचं. दोन्ही पाय क्वचितच तंतोतंत सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाला बूट बसवायचा.

घरी मोजायचं तर भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी सर्वांत लांब बोटापुढे खूण करायला सांगा. स्वतः वाकलात की भार बदलतो.

नंबराच्या बाबतीत 'मला आठ लागतो' यावर विसंबू नये. यूके मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिमी, आणि अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिमी. पण कंपन्यांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. लेबलावर २७ सेमी लिहिलेला पुरुषांचा बूट नायकी आणि अ‍ॅसिक्समध्ये यूके ८ असतो, तर आदिदासमध्ये यूके ८.५. म्हणून बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या लेबलावरचा सेमीचा किंवा मिमीचा आकडा बघावा. धावण्यासाठी तो पायाच्या लांबीपेक्षा अर्धा ते एक सेमी जास्त असेल असा बूट आधी मागवायचा आणि तिथून वर-खाली जायचं. रुंदीसाठी वेगळी अक्षरं असतात. पुरुषांत डी म्हणजे नेहमीची, २ई रुंद आणि ४ई त्याहून रुंद. बायकांत बी नेहमीची आणि डी रुंद. चवडा पसरट असलेले बरेच जण लांबीचा नंबर वाढवून रुंदी मिळवू पाहतात. त्यात टाच ढिली होते आणि बूट नको त्या जागी दुमडतो. रुंद पायाला २ई मागायचा, आणि दुकानात नसेल तर मागवून घ्यायचा.

पुढची पायरी ट्रेडमिलची. मागून, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करतात. पहिली दोन-तीन मिनिटं पाय जरा बिचकत पडतात, त्यानंतरचं चित्रण बघावं. घोटा आत झुकताना दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पाय टेकल्यावर आत झुकणं हा धक्का पचवण्याचा नैसर्गिक मार्ग आहे. ओल्या पावलाचा ठसा बघून 'सपाट तळवा, म्हणून आधाराचा बूट' (पाय फार आत झुकू नये म्हणून टेकू दिलेला) असं ठरवण्याची पद्धत पूर्वी सगळीकडे होती. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीनच्या नव्या जवानांवर हीच पद्धत तपासली गेली. तळव्याच्या आकारानुसार बूट वाटून दुखापती काही कमी झाल्या नाहीत. कॅल्गरी विद्यापीठाच्या बेनो निग यांनी २०१५ मध्ये मांडलं की धावणाऱ्याला जो बूट सुखाचा वाटतो तोच बहुधा त्याच्या पायाच्या चालीला मानवतो. माझं मतही याच बाजूचं आहे. ज्यांचा पाय खूप आत झुकतो आणि ज्यांना त्याचा त्रासही आहे, त्यांनी अ‍ॅसिक्स कायानो किंवा ब्रूक्स अ‍ॅड्रेनलिन यांसारखे आधाराचे बूट जरूर घालून बघावेत. बाकीच्यांनी चित्रणाकडे माहिती म्हणून बघावं आणि निवड पायावर सोडावी.

ही निवड करायला वेळ लागतो आणि तो खुशाल घ्यावा. चांगल्या दुकानात कोणी घाई करत नाही. धावतानाचे मोजे घालून जा, जाडीत फरक असला की माप बदलतं. प्रत्येक बुटाचा इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. चवड्याच्या कडेने मांस इनसोलबाहेर जात असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे, पुढे बघायलाच नको. मग बूट घालून, लेस बांधून, उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी, म्हणजे एक-सव्वा सेमी जागा आहे का ते बघायचं. बोटं आतल्या आत हलली पाहिजेत. पायाच्या वरच्या भागावर जाळी बेतशीर बसावी, पण लेसच्या दोन्ही बाजू एकमेकींना भिडत असतील तर बूट मोठा आहे.

यानंतर उतार. दुकानात फळी असेल तर तिच्यावरून, नाहीतर जिन्यावरून उतरून बघायचं. बोटं पुढे आदळली तर टेकडी उतरताना नखं काळी पडणार हे नक्की. शेवटी बाहेर रस्त्यावर दोन-चार मिनिटं धावायचं. एका पायात एक मॉडेल आणि दुसऱ्यात दुसरं घालून धावलं की फरक फार लवकर कळतो. 'वापरून सैल होईल' हे वाक्य कोणी म्हणालं तर तो बूट परत ठेवावा. चामड्याच्या चपलेला ते लागू पडतं, धावण्याच्या बुटाची शिवण आणि टाचेचा कप जवळपास तसेच राहतात.

टाच जरा उचलली जाते, बाकी सगळं छान आहे, असं झालं तर बूट बदलण्याआधी लेस बदलून बघा. सर्वांत वर घोट्याजवळ एक जादा भोक असतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून लहानसा फासा ठेवायचा, दुसऱ्या बाजूलाही तसंच करायचं, मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली, टाचेच्या दिशेने ओढायचं आणि नेहमीची गाठ मारायची. टाच जागेवर बसते. पायाच्या वरच्या भागाला मुंग्या येत असतील तर त्या उंचवट्यावरची एक आडवी लेस गाळून टाकायची.

ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा यांच्याखालच्या जाडीतला फरक. रोजच्या बुटांत तो बहुतेक ८ ते १२ मिमी असतो, काहींत ४-५, अल्ट्रा कंपनीच्या बहुतेक बुटांत शून्य. कमी ड्रॉपमध्ये पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर भार वाढतो, जास्तीत गुडघ्याकडे जातो. दहावरून चारवर एकदम आलात तर पोटऱ्या धरतात. जुन्या बुटांशी आलटूनपालटून, आठवड्यातून एक-दोन छोट्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी. तळात कार्बनची पट्टी आणि पेबा नावाचा हलका, उसळता फोम असलेले महागडे बूट शर्यतीचे आहेत. रोजच्या सरावाला ईव्हीए नावाच्या साध्या फोमचा, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा बूट उत्तम, आणि पैसे उरले तर दुसरा जोड घ्यावा.

मोजे सुती नकोत. सुतात घाम साठतो, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतो. पॉलिस्टर, नायलॉन किंवा मेरिनो लोकर चालेल. पहाटे अंधारात निघणाऱ्यांनी चमकणारी पट्टी घ्यावी. बाकी सामानाची घाई नको.

पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचं एमआरपीचं लेबल वाचा. त्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मोठ्या सवलतीतला जोड बरीच वर्षं गोदामात पडलेला असू शकतो आणि डिंक जुना झाला की सोल सुटतो. परतीचा नियम विचारून घ्या. घरी फरशीवर अर्धा तास घालून फिरा, त्रास असेल तर स्वच्छ तळासकट परत करता येतो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल तर मात्र ते बुटाच्या दुकानाचं काम नव्हे, फिजिओथेरपिस्टकडे जावं.

डिसेंबरमधली पुण्याची मॅरेथॉन धावायची असेल तर बूट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पायात हवा. पहिल्या फेऱ्या ३ ते ५ किलोमीटरच्या, आणि शर्यतीआधी किमान एक लांब पल्ला त्याच बुटात, त्याच मोज्यांत.

पावसाळ्यात वॉटरप्रूफ बुटाच्या मोहात पडू नका. इथल्या पावसात पाणी घोट्यावरून आत जातं आणि मग बाहेर पडायला वाट मिळत नाही. साध्या जाळीतून ते निथळून जातं. घरी आल्यावर इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात, गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवलं की फोम आकसतो आणि डिंक सुटतो. इनसोलच्या मागे पेनाने सुरुवातीची तारीख लिहून ठेवा. बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, म्हणजे आठवड्याला ३० किलोमीटर धावणाऱ्याला चार ते सहा महिने. वजन जास्त असेल किंवा सगळं धावणं सिमेंटवर असेल तर पाचशेच्या आसपासच मिडसोलच्या, म्हणजे तळातल्या फोमच्या थराच्या, कडेला कायमच्या आडव्या सुरकुत्या दिसू लागतात, आणि त्या दिसल्या की तोच जोड पिशवीत घालून पुन्हा दुकानात न्यायचा.