साहेबांची सही आणि माझं टेबल

आमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टरचं बिल माझ्या टेबलावरून पुढे जातं. सोबत हजेरी, पगारपत्रक आणि कामगारांचा पीएफ भरल्याचं चलन लागतं, चलन नसेल तर बिल थांबवायचं. भोसरीत बहुतेक ठिकाणी अशीच पद्धत आहे. तर मध्ये कॉन्ट्रॅक्टरचा एक हेल्पर लंच टाइमला मोबाईल घेऊन आला, म्हणे मॅडम बघा ना जरा, बहिणीचं लग्न काढलंय म्हणून पीएफ काढायला गेलो तर पासबुक पुढेच सरकत नाय. उमंग ॲपवर बघितलं तर दिवाळीनंतर एकही एंट्री नाही, आणि त्याच्या खिशातल्या घडी घालून घालून फाटायला आलेल्या स्लिपवर मात्र दर महिन्याला १२ टक्के कट!

मग मी जुनी बिलं काढून बसले. चलन प्रत्येकाला जोडलेलं आहे, पण मागची नावांची यादी आमच्या पोरांची नाहीच, दुसऱ्याच कुठल्यातरी साइटची माणसं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "अगं भरतो तो नंतर, तू पास कर, माझी सही आहे ना." आहेच की सही, प्रत्येक बिलावर आहे.

आता पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावाच लागतो, कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, आणि ठेकेदाराने नाही भरला तर भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणजे उद्या नोटीस आली तर ती आम्हालाच येणार, हे साहेबांना माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

घरी विषय काढला तर नवरा म्हणाला होम लोन चालू आहे, तू कशाला मध्ये पडतेस. सासूबाई म्हणाल्या गरिबाचा तळतळाट लागतो गं. दोघंही बरोबरच, काय करणार!

निनावी पत्र टाक असं एक मैत्रीण म्हणाली, पण ही बिलं बघणारी माणसं आम्ही तिघं, त्यातले एक स्वतः साहेब, मग निनावी राहणार कोण? आणि इंजिनिअर सत्येंद्र दुबेंचं आठवतं ना, हायवेच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून सांगितलं, तरी पत्र नावासकट खात्यात फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये बिहारमधल्या गयेत त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर २०१४ ला असे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला पण तो लागू करायची अधिसूचना वर्षानुवर्षं रखडली, आणि तसाही तो सरकारी कारभाराबद्दलचा. कंपनी कायद्यात तक्रारीची सोय आहे, पण ती लिस्टेड किंवा मोठी कर्जं घेतलेल्या कंपन्यांना सक्तीची. आमच्यासारख्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तक्रार ऐकणारे आणि सही करणारे बऱ्याचदा एकच असतात.

मला खरी भीती माझ्या नोकरीपेक्षा त्या पोराची वाटत होती. त्याचं नाव आलं की कॉन्ट्रॅक्टर सांगणार उद्यापासून येऊ नको, विषय संपला. म्हणून त्याचं पासबुक मी कुठेच आणलं नाही. चलनावर टीआरआरएन नंबर असतो, तो पीएफच्या साइटवर टाकला की पैसे भरले की नाही ते दिसतं, आणि यादी तर बिलालाच जोडलेली आहे, एवढ्यावर काम भागतं. साहेब कमिशन खातात असं अख्खं शॉप फ्लोअर म्हणतं, पण माझ्याकडे पुरावा नाही त्यामुळे ते मी लिहिणार नाही. लिहिलं की सगळी चर्चा त्याच्यावरच होते आणि पोरांचे पैसे राहतात बाजूला.

तर सोमवारी मेल टाकला, साहेबांना, सीसीत डायरेक्टर. आरोप वगैरे काही नाही, "सोबतच्या चलनांतील नावे आपल्या हजेरीशी जुळत नाहीत, कृपया योग्य चलने मिळावीत", खाली महिने आणि टीआरआरएन. दहा मिनिटांत साहेब टेबलापाशी. सीसी कशाला केलंस, मला सांगायचं ना.

म्हटलं, सर, सांगितलं होतं.

डायरेक्टरांचा रिप्लाय अजून आलेला नाही. या महिन्याचं बिल माझ्या ट्रेमध्ये पडून आहे, कॉन्ट्रॅक्टरचे फोनावर फोन येतायत, आणि योग्य चलन आल्याशिवाय मी ते अकाउंट्सला पाठवणार नाहीये.