अपडेट अर्ध्यात अडकलं, तरी राउटर परत आला

राउटरच्या फर्मवेअरचं, म्हणजे त्याला चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट फसलं की सगळ्यात आधी दिवे बघावेत. माझ्या राउटरचा पॉवरचा दिवा लागायचा, काही सेकंदांनी सगळे दिवे एकदम चमकायचे, विझायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. अपडेटची टक्केवारी निम्म्याच्या पुढे जाऊन थिजली होती. बराच वेळ हात न लावता थांबलो, शेवटी वीज बंद करून चालू केली आणि हे चक्र सुरू झालं. घरच्यांनी निकाल देऊन टाकला, राउटर गेला, नवा आण. मला मात्र त्या लुकलुकण्यातच धुगधुगी दिसत होती.

कारण असं की राउटरमधल्या फ्लॅश चिपचे, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीचे, भाग पाडलेले असतात. एका भागात बूटलोडर (वीज येताच आधी चालून फर्मवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम), दुसऱ्यात फर्मवेअर, आणखी एकात सेटिंग्ज आणि वाय-फाय रेडिओचं कॅलिब्रेशन. नेहमीच्या अपडेटमध्ये सहसा फर्मवेअरचाच भाग पुसून नव्याने लिहिला जातो. ते लिहिणं अर्धवट राहिलं की बूटलोडर फर्मवेअर उचलायला जातो, ते चालत नाही, मग तो पुन्हा मुळापासून सुरुवात करतो. म्हणजे दिवे ठरावीक तालात फिरत असतील तर बूटलोडर बहुधा शाबूत आहे.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'रिसेट दहा सेकंद दाबून धर'. पण सेटिंग्ज पुसणारं ते रिसेट एरवी चालू फर्मवेअरच हाताळतं. फर्मवेअरच उभं राहत नसेल तर बटण दाबलेलं कळणार कोणाला? बटण आधी दाबून धरायचं आणि मग वीज द्यायची, म्हणजे ते बूटलोडर वाचतो आणि रिकव्हरीत, म्हणजे फर्मवेअर बाहेरून घ्यायच्या अवस्थेत, शिरतो.

पुढची रीत राउटरप्रमाणे बदलते. काही राउटर रिकव्हरीत एक साधं वेब पान दाखवतात, तिथे फाइल चढवली की काम होतं. काही टीएफटीपीवर, म्हणजे फाइल पाठवायच्या एका साध्या नेटवर्क पद्धतीवर, फाइल घ्यायला तयार बसतात, ती आपण संगणकावरून ढकलायची. माझा तिसऱ्या जातीचा होता, तो स्वतःच ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या नावाची फाइल मागतो. लॅपटॉपने त्या पत्त्यावर सर्व्हर होऊन बसायचं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उत्पादकाच्या साइटवरची आधीची, नीट चाललेली आवृत्ती उतरवली. फाइल घेताना राउटरच्या तळाच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती जुळवणं फार महत्त्वाचं. एकाच मॉडेलच्या व्ही २ आणि व्ही ३ मध्ये चिपच वेगळी असू शकते. मग लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, केबलच्या जोडणीला १९२.१६८.०.६६ हा, राउटर जिथे फाइल मागतो तो, स्थिर आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) दिला, टीएफटीपी सर्व्हर चालू केला, बटण दाबून वीज दिली. काहीच घडलं नाही. सर्व्हरची खिडकी कोरी ती कोरीच.

इथे अंदाज बांधत बसण्यापेक्षा मी वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातलं सर्वात कामाचं हत्यार तेच. केबलवरून प्रत्यक्ष काय जातं ते दिसतं, आणि माझ्या केबलवरून काहीच येत नव्हतं. कारण लवकरच लक्षात आलं. राउटर चालू होताना त्याचं केबलचं पोर्ट बंद-चालू होतं, त्याबरोबर लॅपटॉपचं नेटवर्क तुटतं आणि पुन्हा जोडलं जायला काही सेकंद घेतं. बूटलोडर तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून मध्ये एक साधा नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक केबल एकमेकींना जोडणारा डबा, टाकला. आता लॅपटॉपची जोडणी स्विचशी होती, राउटर काहीही करो, ती तुटणार नव्हती.

पुन्हा बटण, पुन्हा वीज. या वेळी ओळ उमटली: १९२.१६८.०.८६ विचारत होता, '१९२.१६८.०.६६ कोण आहे?' मेला म्हणून ठरवलेला राउटर चक्क माझा पत्ता विचारत होता! लॅपटॉपने उत्तर दिलं आणि लगेच पुढची ओळ आली, फाइल वाचायची मागणी. तिच्यात त्याला हवं असलेलं नावही होतं: मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती, शेवटी 'रिकव्हरी' आणि डॉट बिन. उतरवलेल्या फाइलला अक्षरन् अक्षर तेच नाव दिलं.

तरीही फाइल जाईना. मागणी वायरशार्कमध्ये दिसत होती, पण सर्व्हरपर्यंत पोचत नव्हती. म्हणजे मधला पहारेकरी फायरवॉल. टीएफटीपीची मागणी यूडीपी या नेटवर्क पद्धतीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका क्रमांकित दारावर, येते आणि ते बंद होतं. सर्व्हरला परवानगी दिल्यावर फाइलचे ठोकळे वाहू लागले, एकेक ५१२ बाइटचा, प्रत्येकाची पोच आल्याशिवाय पुढचा नाही. हिशेबाने हे संथ वाटतं, पण केबलवर सगळी फाइल बघता बघता गेली.

खरी कसोटी त्यानंतर. फाइल आता राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत असते, फ्लॅशवर लिहिणं अजून चालू असतं, आणि त्या वेळात पडद्यावर काहीही हलत नाही. तेव्हा वीज काढायची नाही. मी शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. परत आलो तर राउटर आपोआप पुन्हा सुरू झाला होता आणि वाय-फायचा दिवा स्थिर होता.

इथवर जमलं नसतं तर राउटर उघडून सीरियल पिना, म्हणजे बूटलोडरशी थेट तारेने बोलायच्या पिना, शोधायच्या होत्या. ते काम ३.३ व्होल्टच्या यूएसबी अॅडॉप्टरने करतात, आणि त्यात फक्त ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) या तारा जोडतात, व्होल्टेजची तार मोकळी ठेवतात. तशी वेळ आली नाही.

बाकीचं किरकोळ होतं. लेबलवरच्या पासवर्डने आत शिरलो, जपून ठेवलेली सेटिंग्जची फाइल चढवली, इंटरनेट आलं. नवी आवृत्ती नंतर टाकलीच, सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून देण्यात अर्थ नाही. मात्र या वेळी फाइल आधी लॅपटॉपवर उतरवली, साइटवर दिलेला चेकसम (फाइल बिघडली नाही हे ताडून बघायचा आकडा) जुळवला आणि केबलवरून चढवली. विनातक्रार गेली. फायरवॉलमधली ती परवानगी काढून टाकली, आणि लॅपटॉपचा स्थिर आयपी पुन्हा ऑटोमॅटिक केला. ते राहिलं असतं तर पुढे दुसरीकडे कुठे केबल जोडल्यावर नेट का नाही म्हणून डोकं खाजवत बसलो असतो.