एकच सॅक, लिस्बन ते बर्गन

सप्टेंबरच्या शेवटी लिस्बनला उतरायचं आणि नोव्हेंबर लागता लागता नॉर्वेतल्या बर्गनहून परत फिरायचं, असा बेत होता. लिस्बनला त्या दिवसांत पारा २५ अंशांच्या पुढे असतो. बर्गनला पोचेपर्यंत तो एक आकडी होतो आणि वर पाऊस. मध्ये व्हेनिस आणि व्हिएन्ना; काही टप्पे विमानाचे, काही रेल्वेचे. सामान म्हणाल तर केबिनमध्ये मावेल अशी पाठीवरची एक सॅक, बस्स.

हे सांगितलं की लोक विचारतात, "इतक्या दिवसांचे कपडे त्यात बसतात कसे?" बसत नाहीत. बसवायचेही नसतात. प्रवास आठ दिवसांचा असो की आठ आठवड्यांचा, मी कपडे चार-पाच दिवसांचेच घेते. किती कपडे लागतील हे दोन धुण्यांमधलं अंतर ठरवतं, आणि किती जाड लागतील हे वाटेतली सर्वांत थंड संध्याकाळ. या दोन गोष्टी एकदा कळल्या की बाकीचं गणित कागदावर पाच मिनिटांत होतं.

मापांचा घोळ मात्र कायमचाच. ५५ × ४० × २० सेंटिमीटरची बॅग बऱ्याच ठिकाणी चालते, पण कुठे रुंदी ३५ लागते, कुठे जाडी २३ चालते. २०१५ मध्ये विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेने सगळ्यांसाठी ५५ × ३५ × २० असं एकच माप सुचवलं होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच प्रस्ताव बासनात गेला. तेव्हा आपल्या मार्गावरच्या प्रत्येक कंपनीचं माप पाहायचं आणि सर्वांत लहान असेल ते धरून चालायचं.

चाकांची बॅग की सॅक हा प्रश्न मी वजनकाट्यावर सोडवला. अनेक कंपन्या केबिन बॅगेला ७ किलोंची मर्यादा घालतात. चाकं, ओढायची दांडी आणि टणक कवच असलेली बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे एक रुमालसुद्धा न ठेवता चाळीसेक टक्के मर्यादा संपली. साधी कापडी सॅक सव्वा-दीड किलोत भागते. हवा दाबून काढणाऱ्या त्या पाउचांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. ते हवा काढतात, वजन नाही. उलट जागा झाली म्हणून आणखी दोन कपडे आत सरकतात आणि काटा सातच्या पुढे जातो. कपड्यांची घडी घालावी की सुरळी करावी यावर लोक तावातावाने भांडतात. करा काहीही.

माझ्या सॅकमध्ये मेरिनो लोकरीचे दोन टी-शर्ट होते, एक पॉलिएस्टरचा आणि एक पूर्ण बाह्यांचा शर्ट. दोन पँटी, त्यातली एक काळी. थर्मलचा एक जोड, पातळ स्वेटर, पिसं भरलेलं हलकं जॅकेट, पावसाळी जॅकेट. अंतर्वस्त्रं आणि मोजे पाच-पाच. एक मोठी ओढणी. बूट पायात, सँडल आत. जीन्स नाही. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि डेनिम म्हणजे जाडच्या जाड सुती कापड. रात्री धुतलेली जीन्स सकाळी कमरेपाशी आणि खिशांत हमखास ओली लागते.

मेरिनोचं कौतुक सगळेच करतात, त्यात तथ्य आहे. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बाष्प आत ओढून घेतो आणि तरी अंगाला ओला लागत नाही. घामाचा वासही लवकर धरत नाही, त्यामुळे एक टी-शर्ट दोन-तीन दिवस निघतो. पॉलिएस्टरचं उलटं: वाळतं झटकन, पण वास निर्माण करणारे जिवाणू त्यावर चांगलेच पोसतात. मेरिनोतही खोट आहेच. पातळ विणीला भोकं पडतात आणि पूर्ण भिजलं की ते पॉलिएस्टरपेक्षा सावकाश वाळतं. म्हणून दोन्ही घेते. घाईच्या दिवसांना पॉलिएस्टर, एरवी लोकर.

लिस्बनला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याकडे न बघता सरळ बाहेर पडले. खोली आल्फामात होती, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, चढावर. तिथल्या फुटपाथांवर चुनखडीचे छोटे छोटे दगड बसवलेले आहेत आणि पायांखाली झिजून ते गुळगुळीत झालेत. मध्येच गल्ली संपते आणि पायऱ्या सुरू होतात. मी धापा टाकत का होईना, दोन्ही हात मोकळे ठेवून चढत होते.

पहिलं धुणं त्याच खोलीत निघालं. बेसिनला बूच असेलच असं नाही, आणि असलं तर ते पाणी धरेलच असंही नाही, म्हणून रबराची एक चपटी चकती सोबत असते. ती कुठल्याही भोकावर बसते. साबण लावणं सोपं आहे. कस लागतो तो पिळण्यात. हाताने पिळलेला कपडा ठिबकायचा थांबतो, पण सकाळपर्यंत वाळत नाही. त्याला उपाय टॉवेलचा. खोलीतला कोरडा टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यावर कपडा ठेवायचा, दोन्हींची मिळून घट्ट सुरळी करायची आणि तिच्यावर अनवाणी उभं राहून टाचांनी दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. उलगडल्यावर टॉवेल जड झालेला असतो आणि टी-शर्ट नुसता दमट. मग तो हँगरवर, भिंतीपासून लांब, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा. लोकरीला पीळ द्यायचा नाही, नुसतं दाबायचं. नाहीतर गळा लांबतो आणि परत कधी जागेवर येत नाही. लिस्बनच्या कोरड्या वाऱ्यात सगळं न्याहारीपर्यंत वाळून तयार होतं. पुढे व्हेनिसच्या दमट हवेत मोज्यांनी अंत पाहिला आणि मी मुकाट नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांकडे गेले.

लिस्बनहून व्हेनिसचं विमान पकडताना सुरक्षा तपासणीत माझ्या पुढच्या गृहस्थांची शाम्पूची बाटली अडली. बाटली अर्ध्याहून रिकामी होती, ते पुन्हा पुन्हा तेच दाखवत होते. पण नियम बाटलीच्या मापाला आहे, आत किती उरलंय त्याला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी अटलांटिकवरची विमानं उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून १०० मिलिलिटर आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी आपल्या मागे लागली आहे. नवे स्कॅनर बसवलेल्या काही विमानतळांनी ही अट सैल केली आहे, पण पुढच्या विमानतळावर जुनंच यंत्र असलं तर मोठी बाटली तिथे जाते. मी द्रव पदार्थच कमी करून टाकले. अंगाचा साबण, शाम्पूची वडी आणि कपड्यांचा साबण, तिन्ही घन. पिशवीत टूथपेस्ट आणि सनस्क्रीन एवढंच उरतं.

व्हेनिसला दादा-वहिनी येऊन मिळणार होते. ते रेल्वेने सांता लुचिया स्टेशनवर उतरले, मी विमानतळाच्या बसने पियाझ्झाले रोमाला. या दोन ठिकाणांना जोडणारा पूल सांतियागो कालात्रावा या वास्तुकाराने आखला, २००८ चा. त्याच्या पायऱ्यांत काच बसवली होती आणि लोकांनी जड बॅगा त्यावरून धाडधाड ओढल्याने त्या अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजल्या. २०१९ मध्ये इटलीतल्या लेखा न्यायालयाने ७८,००० युरोंचा दंड केला, तोही बॅगा ओढणाऱ्यांना नाही, कालात्रावाला! इथे लोक चाकांच्या बॅगा घेऊन येणार हे त्याने ओळखायला हवं होतं, असा एकंदर सूर. मी तो पूल खाली पायऱ्यांकडे बघतच ओलांडला.

पलीकडे दादा दोन भल्यामोठ्या सुटकेसांच्या मध्ये उभा. हॉटेल कालव्याच्या दुसऱ्या काठाला, म्हणजे आणखी एक पूल, आणि पायऱ्या चुकायच्या नाहीत. या शहरात चारशेच्या वर पूल आहेत. "अगं, ही वर चढवायची कुणी?" दादाने विचारलं. एक हँडल त्याने धरलं, एक मी, आणि दर पाच पायऱ्यांवर थांबत वर गेलो. चाकं अर्थातच अधांतरी. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये दांडी असलेली उभी, ओढायची बॅग बनवली. विमानतळाच्या सपाट फरशीवर रोज चालणाऱ्या माणसाला सुचलेली ती वस्तू. त्या फरशीवर तिला तोड नाही. कालव्यांच्या शहराचा विचार त्यात कुठून असणार?

रात्री दादा माझ्या सॅककडे बघत म्हणाला, "एवढ्यावर तू इतके दिवस काढतेस?"

मी उत्तर द्यायच्या आत वहिनी म्हणाली, "ती एक दिवसाआड धुणं धुते. तू धुशील?"

दादा गप्प. पण वहिनीचा मुद्दा बिनतोड आहे. हलकं सामान फुकट मिळत नाही. संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटं जातात, दमून आलेल्या दिवशीही. ज्याला ते नको त्याने खुशाल मोठी सुटकेस घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. सामान हरवण्याच्या भीतीने केबिन बॅग घ्यावी असंही मी कुणाला सांगत नाही. 'सिटा' या कंपनीच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगा उशिरा पोचल्या, हरवल्या किंवा मोडल्या, आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या उशिरा. वाटेत विमान बदलायचं असेल तर धोका वाढतो, हे खरं. माझा फायदा विमानात नव्हता, तो विमानतळ आणि खोली यांच्या मधल्या रस्त्यावर होता.

व्हेनिसहून व्हिएन्नाला रात्रीच्या गाडीने गेले. सॅक बर्थच्या खाली सरकली. डब्यातले बाकीचे लोक बराच वेळ आपापल्या बॅगा उभ्या-आडव्या करून पाहत होते.

व्हिएन्नात ऑपेरा. एवढ्या थाटाच्या ठिकाणी जायला कपडे कुठले? काळी पँट, धुतलेला शर्ट, ओढणी, आणि तिकीट उभं राहून बघायच्या जागेचं. रांगेत उभी असताना नेली ब्लाय आठवली. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' वृत्तपत्राची ही बातमीदार १४ नोव्हेंबर १८८९ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांनी परतली. तिने ही कल्पना मांडली तेव्हा वृत्तपत्रातल्या मंडळींची एक हरकत अशी होती की बाईमाणसाबरोबर इतकं सामान असणार की गाड्या-बोटी बदलण्यातच वेळ जाईल. ती निघाली तळाशी सोळा इंच लांब आणि सात इंच रुंद अशी एकच हातपिशवी घेऊन. अंगावर एक पोशाख आणि वर कोट. पिशवीत टोप्या, सपाता, बदलायची अंतर्वस्त्रं, सुईदोरा, दौत, पेन, कागद. आणि कोल्ड क्रीमची एक बरणी. त्या बरणीने तिला छळलं. ती सगळ्यात जास्त जागा अडवायची आणि पिशवी बंद करायला घेतली की नेमकी मध्ये यायची. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी प्रत्येकाच्या सामानात अशी एक बरणी असतेच. माझी म्हणजे केस वाळवायचं यंत्र; ते कायमचं घरी राहिलं.

हाँगकाँगला नेलीला सरकारी मेजवानीचं बोलावणं आलं आणि संध्याकाळचा पोशाख नसल्याने ते हुकलं. तिला त्याची चुटपुट लागली, पण ट्रंका सांभाळण्याच्या जाचापुढे तिने ती क्षुल्लक मानली. एवढं करून सिंगापूरला तिने एक माकड विकत घेतलं आणि पुढचा सगळा प्रवास त्याला घेऊन केला, तो भाग वेगळा. मला तर ऑपेरात कुणी वळूनही पाहिलं नाही. उभ्याच्या जागेत निम्मे लोक माझ्यासारखेच प्रवासी होते.

बर्गन हे अख्ख्या यादीचं परीक्षा-केंद्र. सात डोंगरांच्या मध्ये वसलेलं हे बंदर; वर्षातले दोनशेहून जास्त दिवस तिथे पाऊस असतो आणि छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. जाड कोट नव्हताच. थर्मल, त्यावर मेरिनो, मग स्वेटर, मग पिसांचं जॅकेट आणि सगळ्यांच्या वर पावसाळी जॅकेट, असे पाच पातळ थर घातले. ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, त्यामुळे हे जमतं. एक पथ्य पाळावं लागतं: पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते. म्हणून वरचं पावसाळी जॅकेट एक माप मोठं घ्यायचं, म्हणजे आतलं न चुरगळता त्याखाली मावतं. ब्रुग्गनच्या जुन्या लाकडी घरांसमोर मी भर पावसात तासभर हिंडले आणि आतून कोरडी राहिले. बूट मात्र भिजले. जोड एकच, तेव्हा रात्रभर आत कागदाचे बोळे भरून ठेवले, मध्ये उठून एकदा बदलले. सकाळी बूट घालण्याइतपत सुकले होते, त्याहून जास्त नाही. पावसाच्या गावी सँडलऐवजी दुसरा बंद जोड घ्यावा का, यावर माझा अजून निर्णय होत नाही; अर्धा-पाऊण किलोंचा प्रश्न आहे.

परतीच्या विमानाला दारापाशीच कर्मचारी बाईंनी हात दाखवला. वरचे कप्पे भरले होते, शेवटच्या प्रवाशांच्या बॅगा खाली जाणार होत्या. असं कधीही होऊ शकतं, तुमचं माप आणि वजन बिनचूक असलं तरी. अशा वेळी पॉवर बँक आत राहता कामा नये. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्यांना विमानाच्या पोटात बंदीच आहे. केबिनमध्ये १०० वॉट-तासांपर्यंत चालतात, आणि २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ च्या आसपास भरते. माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात एक कापडी थैली असते: पॉवर बँक, औषधं आणि त्यांची चिठ्ठी, पासपोर्ट, चार्जर, मोज्यांचा एक जोड. थैली ओढून काढली, सॅक त्यांच्या हवाली केली आणि बॅगेच्या पावतीचा तुकडा खिशात घालून आत जाऊन बसले.