नवा गडी
आज सकाळपासून एकच उद्योग. माझा कोड जिथे ठेवतो त्या रिपॉझिटरीत एआय असिस्टंट बसवायचा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, आली की त्याने कोड वाचायचा, शेरे द्यायचे, बस्स. एपीआय की, म्हणजे त्याला बोलवायची किल्ली, सीक्रेट्स नावाच्या गुप्त कप्प्यात ठेवली, त्याने कधी काय करायचं ते सांगणारी यामल फाइल लिहिली. पहिला रन फेल! यामलला इंडेंटसाठी, म्हणजे ओळ आत सरकवायला, टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. इतकी वर्षं झाली, दरवेळी तिथेच ठेचकाळतो.

दुसऱ्यांदा पठ्ठ्याने कोड वाचला, पण शेरा काही टाकेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, त्याच्या टोकनला, म्हणजे परवान्याला, पुल रिक्वेस्ट वाचायची परवानगी दिली होती, लिहायची नाही. ती दिली, तर एवढ्याशा बदलावर १७ शेरे! मग सूचनांच्या फाइलमध्ये चक्क मराठीत लिहिलं, 'व्हेरिएबलच्या नावांना नावं ठेवू नकोस, चुका सांग.' शेरे तीनवर आले. त्यातला एक खरा निघाला. यादी रिकामी आली की माझा कोड कोसळत होता.

मर्ज करायची, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायची, परवानगी मात्र दिली नाही. देणारही नाही.

आई गच्चीवर बिबड्यांचं वाळवण घालून आली. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?"
म्हटलं, नवा गडी ठेवलाय.
"मंग त्याले गच्चीवर धाड, कावळा हाकलाले."

जळगावचं ऊन, डोक्याला उपरणं, आणि गच्चीवर सध्या मीच.