बारा आठवडे, पण कुठून मोजलेले?

नैतिकतेच्या प्रश्नांवरच्या धोरणांची देशोदेशी तुलना करायला बसलं की माझा सर्वांत जास्त वेळ एकाच रकान्यात जातो: गर्भपाताची मुदत. जर्मनी १२ आठवडे, आयर्लंड १२ आठवडे. दिसायला सारखे. पण जर्मन दंडसंहिता गर्भधारणेपासून मोजते आणि आयर्लंडचा २०१८ चा कायदा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळीची मोजणी साधारण दोन आठवडे आधी सुरू होते. म्हणून सगळे आकडे मी पाळीच्या मोजणीवर आणते. जर्मनीचे १४ होतात; फ्रान्सचे २०२२ नंतरचे १४ हेही गर्भधारणेपासूनचे, म्हणजे १६. मूळ आकडा शेजारच्या रकान्यात तसाच ठेवायचा; चूक शोधताना तोच कामी येतो.

मुदत कळली म्हणजे कायदा कळला असं नाही. जर्मनीत समुपदेशन घेतलं, मध्ये तीन दिवस गेले, तर शिक्षा नाही. तरी कृत्य बेकायदाच. ‘परवानगी आहे का?’ एवढंच विचारलं तर दोन कोडर (कायदा वाचून तक्त्यात नोंदी करणारे) दोन उत्तरं देतात आणि दोघांचंही चुकलेलं नसतं. अशा वेळी कोडर बदलू नयेत, प्रश्न फोडावा: कायदेशीर दर्जा, शिक्षा, प्रक्रिया. ब्रिटनचा १९६७ चा कायदा मग नीट बसतो: मागितला म्हणून गर्भपात नाही, दोन डॉक्टरांच्या सह्या हव्यात, पण १९९० पासून मुदत २४ आठवडे.

तारखा दोन लिहाव्यात. नेदरलँड्सचा कायदा मंजूर झाला १९८१ मध्ये, लागू १९८४ मध्ये. सत्तेत कोण होतं हे पहिल्या तारखेवरून बघायचं.

पक्षाची भूमिका एका शब्दात नोंदवणं मला सगळ्यात घातक वाटतं. ३० जून २०१७ रोजी जर्मन संसदेत समलिंगी विवाहावर पक्षादेशाविना मतदान झालं. बाजूने ३९३ मतं पडली आणि त्यांत ख्रिश्चन डेमोक्रॅट गटाची ७५ होती. गटावर ‘विरोधात’ असा शिक्का मारला की ती ७५ गायब, आणि धार्मिक वारशाचा पक्ष आतून कुठे दुभंगतो हेच तर आपल्याला बघायचं असतं. अशा ठिकाणी खासदारनिहाय यादी घ्यावी, कितीही वेळ लागो.

इटलीने १९७८ च्या कायद्यातच डॉक्टरांना विवेकाच्या कारणाने नकार देण्याची मुभा दिली. ती तरतूद कायद्याच्या रकान्यात जाते. प्रत्यक्ष किती डॉक्टर नकार देतात, ते वेगळ्या फाइलमध्ये. दोन्ही एका निर्देशांकात मिसळले, तर रुग्णालयात जे घडतं त्याचं खापर संसदेवर फुटतं.