आमची वाटचाल : सावंतवाडीच्या वाघिणी

आम्ही भारतीय रेल्वेच्या डब्यांची लहान मॉडेल्स बनवतो. त्यातली आमची बॉक्सएन वाघीण (वरून उघडा मालडबा) हातात घेऊन हातब्रेकच्या चाकाची बाजू आपल्याकडे केलीत, तर एका दाराची बिजागरी बाकीच्यांपेक्षा पाऊण मिलिमीटर खाली दिसेल. ती चूक माझी. मास्टर (ज्यावरून साचा घेतात तो मूळ नमुना) करताना रात्री उशिरा चिकटवलेला तो तुकडा, सकाळी लक्षात आलं तेव्हा त्याच्यावर सिलिकॉन ओतून झालं होतं. आज तो साचा सातव्यांदा नव्याने केला, मास्टरही दोनदा डागडुजी केला, पण ती बिजागरी मी जागेवरून हलू दिलेली नाही. का, ते पुढे येईलच.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर सलग सुरू झाली, तेव्हा मी आयटीआयला टूल अँड डाय मेकर शिकत होतो. नंतर अकरा वर्षं पुण्याकडे टूलरूममध्ये काढली. वडिलांचं दुखणं वाढलं म्हणून घरी परतलो आणि पडवीत सेकंडहँड लेथ बसवली. गावात नोकरी नव्हती. हातात कला होती आणि डोक्यात रेल्वेचे डबे होते.

सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचं नाव आहेच. चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाखेचा रंग, लाकडी फळं, गंजिफा हे काम चाललेलं. तिथलेच एक मामा (नात्याने नव्हेत, पण अख्खी आळी त्यांना मामाच म्हणते) माझ्या पडवीत पहिल्यांदा आले ते लेथ बघायला. टेबलावर आयसीएफ डब्याची (जुन्या पद्धतीच्या प्रवासी डब्याची) कच्ची बाजू पडली होती. त्यांनी ती उचलली, खिडक्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्येका रंग कोण मारतलो?" मी म्हटलं, स्प्रे. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा खारीच्या केसांचा कुंचला घेऊन आले आणि खिडकीपट्टीखालची रेघ त्यांनी पट्टी न धरता ओढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, २४५ मिलिमीटर, एका दमात. त्या दिवसापासून ते भागीदार. कागदावर भागीदारी बऱ्याच वर्षांनी झाली.

२४५ का, ते नवीन मंडळींसाठी सांगून टाकतो. आयसीएफ डब्याची लांबी २१,३३७ मिलिमीटर, आम्ही काम करतो ते एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७. भागून बघा. रुंदी ३,२४५ म्हणजे आपले ३७.३. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचा प्रवासी डबा, लांब, २३,५४० चा, तो २७० च्या पुढे जातो. खरी अडचण रुळांची. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. १:८७ ने तो १९ च्या वर यायला हवा, आणि सगळ्या जगातला एचओ ट्रॅक १६.५ चा. कारण तो परदेशातल्या १,४३५ च्या रुळावरून आलेला. म्हणून डबा बरोबर, चाकं आत. काही जण यावर उपाय म्हणून डबाच अरुंद करतात. आम्ही तसं कधी केलं नाही आणि करणार नाही. बोगीची (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याची) बाजू जिथे असायला हवी तिथेच ठेवायची आणि चाकाला आतून आधार द्यायचा. बाजूने बघणाऱ्याला डबा आपला वाटला पाहिजे.

हत्यारांबद्दल थोडं. माझा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) पुण्यातल्या पहिल्या पगाराचा आहे, अजून तोच. स्टायरीन प्लास्टिकची शीट अर्ध्या आणि एक मिलिमीटरची. रिव्हेटचे ठिपके उठवायला घरी केलेला ठोका. ग्रामोफोनची जुनी सुई पितळी दांडीत बसवली आणि खाली स्प्रिंग लावली, म्हणजे प्रत्येक ठोका सारखा पडतो. ओतकामातले बुडबुडे दाबायची प्रेशर टाकी म्हणजे रंगाऱ्यांची टाकी, तिलाच झाकणाला नवीन रबर बसवून ४० पौंडांवर चालवतो. नवीन काम सुरू करणाऱ्यांना एक सांगणं : एअरब्रशवर खर्च करण्याआधी चांगल्या कानसींवर करा. लोक उलटं करतात आणि मग खरखरीत डब्यावर महागडा रंग मारत बसतात.

पहिल्या जून महिन्यात आमचं ओतकाम बंदच पडलं. पॉलियुरेथेन रेझिन (घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) साच्यात ओतलं की दूध उतू जावं तसं फेसाळून वर यायचं. आतून स्पंजासारखं. मी कंपनीला दोष दिला, पुरवठादार बदलला, रेझिनचे डबे परत पाठवले. मामा एकदा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "पाऊस भायर पडणा नाय रे, तुझ्या डब्यात पडता." ते बरोबर होतं. ह्या रेझिनचा एक भाग आयसोसायनेट; त्याला पाण्याचा अंश मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच फेस. आमच्याकडे जूनमध्ये भिंतीला हात लावला तरी ओला होतो, तिथे उघड्या डब्यातलं रेझिन कसं कोरडं राहणार? मामांना हे रसायनशास्त्रातून माहीत नव्हतं. लाखेवर, व्हार्निशवर दमट हवेत पांढरी झाक येते, हे त्यांच्या आजोबांपासून घरात माहीत. जुन्या गोदरेजच्या कपाटात दोन बल्ब लावून साचे रात्रभर सुकवायचे, रेझिनचा डबा उघडला की तासात संपवायचा, आणि तरीही जून ते सप्टेंबर शक्यतो ओतायचं नाही. त्या चार महिन्यांत रंग, जोडणी, नवीन मास्टर. रंगसुद्धा दुपारी ऊन पडेल तेव्हाच.

आता मिरजेच्या काकांबद्दल. ते रेल्वेतून टीएक्सआर म्हणून निवृत्त झालेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गाडी सुटण्याआधी हातोडी घेऊन डब्याखाली वाकणारा माणूस. त्यांनी आमच्याकडून पहिला डबा घेतला तो साधा जनरल. आठ दिवसांनी पोस्टाने फुलस्केपची दोन पानं आली. पहिलं वाक्य मला पाठ आहे : "डबा सुंदर आहे, पण तुमचा डबा उलटा केल्यावर माझी झोप उडाली." मी दोन्ही बोगींवर अल्टरनेटर (डब्यासाठी वीज तयार करणारं यंत्र) लावले होते. त्यांनी लिहिलं होतं, बिगर-एसी डब्याला साडेचार किलोवॅटचा एकच अल्टरनेटर असतो, पट्ट्यावर चालणारा, एकाच बोगीवर. दोन असतात ते एसी डब्याला, पंचवीस-पंचवीस किलोवॅटचे. बॅटरीची पेटी, धक्के शोषणारे डॅशपॉट, ब्रेकच्या दांड्या, सगळ्याची आकृती काढलेली. खाली सही आणि "राग मानू नये."

राग कशाला मानायचा? मी तो साचा फोडला. त्या महिन्यात विक्री शून्य. पण नंतरचा आमचा प्रत्येक डबा आधी मिरजेला गेला आणि मग बाजारात. काकांनी कधी डबा फुकट घेतला नाही. मनीऑर्डर बंद झाल्यावर त्यांनी नातवाकडून फोनवरून पैसे पाठवायला शिकून घेतलं, पण पत्र मात्र हातानेच.

मधली काही वर्षं बरी गेली. निळे आयसीएफ, मग एलएचबी, मग बॉक्सएन, बंद छपराची बीसीएन, टाकीवाली बीटीपीएन. बॉक्सएन चालली सगळ्यात जास्त, कारण एक वाघीण कोणी घेत नाही. घेतो तो रेकच्या (अख्ख्या मालगाडीच्या) हिशेबाने, दहा, वीस.

आणि त्या बॉक्सएननेच आम्हाला जवळजवळ बुडवलं.

एका मोठ्या शहरातला विक्रेता आमचा निम्मा माल उचलायचा. नाव घेत नाही. पुढच्या तारखेचे चेक द्यायचा, पण द्यायचा. एका दिवाळीनंतर त्याने चारशे वाघिणींची तोंडी ऑर्डर दिली. चारशे वाघिणी म्हणजे सोळाशे धुऱ्या. धातूची चाकं बाहेरून येतात, त्याचे पैसे आगाऊ. मी पतपेढीतून कर्ज काढलं, कमी पडलं तेव्हा बायकोच्या पाटल्या ठेवल्या. चाकं आली, ओतकाम उरकलं, मामा आणि त्यांची सून रात्री जागून रेड ऑक्साइडवर पांढरे आकडे चढवत होती. आणि त्याचा फोन लागेनासा झाला. लागला तेव्हा म्हणाला, बाजार थंड आहे, थांबा.

दोन महिन्यांनी काकांचं पत्र आलं. सोबत खोक्यात एक वाघीण. "ही मी एकाकडून घेतली, किंमत तुमच्या दोन-तृतीयांश. बिजागरी बघावी."

मी ती खोक्यातून काढली आणि खाली बसलो. तीच बिजागरी, पाऊण मिलिमीटर खाली. त्या विक्रेत्याने आमची वाघीण घेऊन तिच्यावरच सिलिकॉन ओतलं होतं. व्हर्नियर लावला : आमची ११२.४, त्याची १११.७. ओतलेल्या मालावरून पुन्हा साचा केला की तो आकसतो, आणि आकसलेला माल कुठून आला ते आकडा सांगतो. खोक्यावर "आमची स्वतःची डिझाइन" असं छापलेलं.

वकिलाकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते या धंद्यातल्या प्रत्येकाने लिहून ठेवावं. डिझाइन कायदा २००० नुसार वस्तूच्या आकाराची नोंदणी तो आकार लोकांसमोर येण्याआधी करावी लागते. आम्ही वाघीण तीन वर्षं विकत होतो, म्हणजे दार बंद. मग मी विचारलं, कॉपीराइट? कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५ : नोंदणी होऊ शकणारं पण न केलेलं डिझाइन, औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा बनवलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. आम्ही पन्नास पहिल्याच महिन्यात ओतल्या होत्या. ज्या दिवशी एक्कावन्नावी वाघीण साच्यातून काढून आम्ही खूश झालो, त्या दिवशी आमचा हक्क गेला होता, आणि हे कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा नवीन मॉडेल असेल तर फोटो दाखवण्याआधी, पहिला नग विकण्याआधी अर्ज करा. मित्रालासुद्धा दाखवू नका.

ते सहा महिने मी विसरणार नाही. घरात चारशे वाघिणींची खोकी माळ्यापर्यंत. पतपेढीचा माणूस दर सोमवारी. आणि सगळ्यात जास्त टोचलं ते हे की त्याच्या वाघिणी रुळावरून उतरायच्या, आणि लोक म्हणायचे, भारतीय वाघिणी अशाच. लोक आमचंही नाव त्यातच घेऊ लागले.

त्या उतरण्याचं कारण साधं आहे. उघड्या वाघिणीत वजन लपवायला जागा नाही. आमचा तळ दीड मिलिमीटर पोलादी पत्र्याचा आहे, एकट्या तळाचंच वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, वाघीण नव्वदीत जाते. अमेरिकन मॉडेल रेल्वेवाल्यांचा जुना हिशेब आहे : २८ ग्रॅम अधिक इंचाला १४. साडेचार इंचाच्या वाघिणीला तेच नव्वद येतात. त्याने तळही रेझिनचा ओतला होता; वाघीण पंचावन्न ग्रॅम. पोलादी तळाची नक्कल सिलिकॉनने होत नाही.

हे दाखवलं काकांनी. पुण्यात हौशी मंडळींची बैठक होती, चोवीस इंची वळणाचा ले-आउट (मॉडेल गाड्या चालवायला मांडलेला रूळमार्ग). काका मिरजेहून त्र्याहत्तराव्या वर्षी एकटे आले, पिशवीत आमच्या तीस वाघिणी आणि त्याच्या तीस. आधी त्याच्या लावल्या. इंजिनाने ओढ घेतली की वळणावर मधल्या हलक्या वाघिणी आतल्या बाजूला कलंडायच्या, दोरी ताणल्यासारख्या. तीनदा लावल्या, तीनदा उतरल्या. मग आमच्या. त्या वळणावरून सतरा फेऱ्या गेल्या. काका वहीत रेघा मारत होते. नंतर त्यांनी दोन वाघिणी उलट्या धरून त्या बिजागरीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना व्हर्नियर दिला. भाषण केलं नाही. त्या संध्याकाळी एकशे वीस वाघिणी गेल्या, आणि चारशे संपायला पुढचा वर्षभर लागला. पाटल्या सुटल्या. त्या विक्रेत्याने एकदा निरोप पाठवला होता, पुन्हा धंदा करू म्हणून. मी उत्तर दिलं नाही.

२०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं. मोजमापातली मॉडेल्स त्याच शीर्षकाखाली येतात, त्यामुळे परदेशी डबे महागले आणि आमच्याकडे मागणी वाढली. लोक अभिनंदन करतात. पण आमची चाकंही बाहेरूनच येतात, हे विसरतात. चाक इथे करण्याचा प्रयत्न चालू आहे. दोन चाकांमधलं आतलं अंतर १४.४ मिलिमीटरवर टिकवणं ही माझी सध्याची लढाई आहे.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाने एक खोकं पाठवलं, त्यात आम्ही पाठवलेला प्रत्येक नमुना आणि प्रत्येकावर चिठ्ठी. बॉक्सएनच्या चिठ्ठीवर फक्त "बिजागरी तशीच ठेवावी."

मामांचा हात आता लांब रेघेला थरथरतो. डब्याच्या रेघा त्यांची सून ओढते, तीही पट्टी न धरता. मामा आकडे लिहितात. सध्या टेबलावर रोरोचा संच आहे : सपाट बीआरएन वाघिणी आणि त्यांच्यावर ताडपत्री लावलेले ट्रक. कोलाडहून वेर्ण्याला हे ट्रक १९९९ पासून रेल्वेवर बसून जातात, आमच्या गावावरूनच जातात, आणि माझ्या माहितीत अजून कोणी त्याचं मॉडेल केलेलं नाही. ड्रायव्हर केबिनमध्ये पाय पसरून झोपलेला असतो, तो आम्ही वेगळा ओतला आहे. या वेळी डिझाइनचा अर्ज आधी गेला. पोच हातात येईपर्यंत फोटो मिळणार नाहीत. ज्यांना संच हवा त्यांनी मेअखेर कळवावं. जूनपासून ओतकाम बंद असतं.