सोलो कोणाचा?

बीटल्स ऐकणाऱ्यांत एक जमात अशी आहे, जिला चालीपेक्षा ‘हे वाजवलंय कोणी?’ यातच जास्त गोडी. मी त्यातलाच. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात, आणि तो आहेच.

‘टॅक्समन’ घ्या. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधलं पहिलंच गाणं. लिहिलं जॉर्ज हॅरिसननं, गायलं त्यानंच, बँडचा मुख्य गिटारवादकही तोच. मग मधला तो चरचरीत, अंगावर येणारा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, त्याचाच असणार ना? नाही, तो पॉल मॅकार्टनीचा, ज्याच्या गळ्यात एरवी बेस गिटार असायची. जॉर्ज सोलो आधी घासूनपुसून जुळवायचा, मग वाजवायचा. इथे सूर उधळतात आणि मध्येच हिंदुस्थानी वळण घेतात. ते वळण पॉलनं खास आपल्यासाठी घेतलं, असं पुढे जॉर्जनंच सांगितलं. गाणं संपताना सोलो पुन्हा येतो, तो मात्र कोणीच वाजवलेला नाही. पहिल्याचीच नक्कल टेपनं तिथे जोडली आहे!

‘लव्ह मी डू’च्या दोन ध्वनिमुद्रणांत ड्रम्स कोणाचे, याचा उलगडा सोपा. सप्टेंबर १९६२ मध्ये ४ तारखेला ड्रम्सवर बँडचा ड्रमर रिंगो होता. स्टुडिओवाल्यांचं समाधान झालं नाही, म्हणून ११ तारखेला अँडी व्हाइट हा सराईत वादक बोलावला आणि रिंगोच्या हाती टॅम्बोरिन, म्हणजे खंजिरीसारखं वाद्य, दिलं. तेव्हा टॅम्बोरिन ऐकू आलं, की समजायचं ड्रम्स रिंगोचे नाहीत.

एप्रिल १९६९ मध्ये ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’ हे गाणं जॉन लेनन आणि पॉल या दोघांनीच उरकलं. जॉर्ज परदेशी, रिंगो शूटिंगमध्ये, ड्रम्सवर पॉल. टेपवर जॉन म्हणतो, “रिंगो, जरा जलद घे!” आणि पॉल उत्तरतो, “बरं, जॉर्ज!”

आता आपली मंडळी. ‘रिव्हॉल्व्हर’च्याच कव्हरवर ‘लव्ह यू टू’साठी नाव आहे: अनिल भागवत, तबला. हे आडनाव वाचून मराठी माणूस सरसावून बसणारच. रविशंकरांच्या वळणाचं, सोळा मात्रांचं काहीतरी वाजव, असं जॉर्जनं सुचवलं आणि उपजेला मोकळीकही दिली, हे भागवतांनी सांगून ठेवलंय.

पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आला. मुखपृष्ठावर नामवंत चेहऱ्यांची जत्रा, पण ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये साथ करणाऱ्या लंडनच्या भारतीय वादकांपैकी एकाचंही नाव नाही. इथे माझ्यासारख्याचा कान तोकडा पडतो. दिलरुबा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य ओळखता येतं, दिलरुबावाला नाही. पॉलचा हात ओळखू येतो, कारण तो शंभर ठिकाणी ऐकलाय. यांचं दुसरं काही ऐकणार कुठे? दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी, ही नावं उजेडात आली थेट २०१७ साली.